ट्यूब अँपमध्ये चिपचा रिव्हर्ब चालेल का?

प्रश्न : फेंडर चॅम्प ५एफ१ च्या आराखड्यावरून मी पाच वॉटचा गिटार अँप बांधला आहे. एक १२एएक्स७, एक ६व्ही६, रेक्टिफायरला ५वाय३. आवाज मनासारखा आहे, पण फार कोरडा वाटतो. त्याला स्प्रिंग रिव्हर्ब जोडायचा आहे. चेसिसमध्ये आणखी ट्यूब बसवायला जागा नाही. आयसी वापरून हे काम होतं असं ऐकलं, पण ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते म्हणतात, चिप घातलीस की तो ट्यूब अँप राहिला नाही. खरं काय मानायचं? आणि जोडायचं तर नेमकं कुठून कुठे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : जोडा, आणि मनात किंतु न ठेवता जोडा. तुमच्या गुरुजींचं म्हणणं एका बाबतीत अगदी बरोबर आहे. गिटारचा मूळ आवाजच चिपमधून फिरवून आणला, तर ट्यूबसाठी केलेला सगळा खटाटोप वाया जातो. पण रिव्हर्बसाठी तसं करण्याची गरजच नसते.

रिव्हर्बमध्ये आवाजाच्या दोन वाटा असतात. कोरडा आवाज आपल्या वाटेने सरळ पुढे जातो. त्यातला थोडा भाग बाजूला काढून स्प्रिंगांवर सोडायचा, दुसऱ्या टोकाला जे निघेल ते मोठं करायचं आणि पुन्हा कोरड्या आवाजात मिसळायचं. चिप राबते ती फक्त या बाजूच्या वाटेवर. तुमचा कोरडा आवाज आधीसारखाच १२एएक्स७ च्या पहिल्या अर्ध्यातून दुसऱ्यात आणि तिथून ६व्ही६ मध्ये जाईल. त्याच्या वाटेत नवा येतो तो एक रेझिस्टर. कारखान्यांनीही हेच केलेलं आहे. फेंडरचे ब्लूज ज्युनिअर आणि हॉट रॉड डिलक्स हे अँप ट्यूबचे म्हणूनच विकले जातात, ट्यूबच्या आवाजासाठीच घेतले जातात, आणि दोन्हींत स्प्रिंग हलवायचं काम टीएल०७२ जातीची आयसी करते.

मुळात रिव्हर्बचा रंग येतो कुठून, हे एकदा नीट पाहिलं की चिपची भीती आपोआप कमी होते. स्प्रिंगची कल्पना गिटारवाल्यांची नव्हे. लांब पल्ल्याच्या टेलिफोन तारांवर आवाज उशिरा पोचतो, त्याची नक्कल प्रयोगशाळेत करता यावी म्हणून अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजनी स्प्रिंग वापरल्या. लॉरेन्स हॅमंडने ती युक्ती आपल्या ऑर्गनसाठी उचलली, कारण चर्चमध्ये घुमणारा ऑर्गन घरातल्या खोलीत ऐकला की निर्जीव वाटायचा. लिओ फेंडरने १९६१ साली ६जी१५ ही रिव्हर्बची स्वतंत्र पेटी बाजारात आणली आणि १९६३ च्या व्हायब्रोव्हर्बमध्ये रिव्हर्ब पहिल्यांदा फेंडरच्या अँपच्या आत शिरला.

त्या पत्र्याच्या लांबट टँकमध्ये एका टोकाला कॉइल असते. कॉइलमधून करंट गेला की स्प्रिंगच्या टोकाला बसवलेलं इवलंसं चुंबक पिळल्यासारखं फिरतं आणि तो पीळ स्प्रिंगभर धावत दुसऱ्या टोकाला पोचतो. तिथलं चुंबक दुसऱ्या कॉइलमध्ये व्होल्टेज निर्माण करतं. फेंडरच्या अँपमध्ये दिसते ती ‘टाइप ४’ ची टँक सुमारे १७ इंच लांब असते. तिच्यात दोन मार्ग असतात. एकावरून आवाज ३३ मिलिसेकंदांनी पोचतो, दुसऱ्यावरून ४१. मग तो टोकांवरून परतून पुन्हा पुन्हा येत राहतो. वेगवेगळ्या पट्टीचे स्वर स्प्रिंगवरून वेगवेगळ्या वेगाने धावतात, म्हणून तार जोरात छेडली की तो ओळखीचा ‘ट्विंग’ ऐकू येतो. चार-पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही पलीकडे पोचतच नाही. आवाजाची इतकी मोडतोड करणारी वस्तू मध्ये बसलेली असताना तिच्या आधी ट्यूब आहे की आयसी, हा फरक शोधायला कान फार ताणावे लागतात. माझ्या मते तर स्वच्छ वाजवताना तो सापडत नाही.

एक अपवाद मात्र सांगायलाच हवा. डिक डेलच्या काळातलं सर्फ संगीत, ज्यात प्रत्येक स्वर पाण्यात पडल्यासारखा वाजतो, ते हवं असेल तर चिपचा रस्ता तुमचा नाही. ६जी१५ पेटीत स्प्रिंग हलवायला ६के६ ही चक्क पॉवर ट्यूब आणि एक ट्रान्सफॉर्मर आहे. जोरात वाजवलं की दोघं मिळून आवाजाचे शेंडे मऊपणे दाबतात. आयसी तसं करत नाही. तिचं व्होल्टेज संपलं की ती शेंडा सरळ कापते, आणि ते स्प्रिंगमधून कर्कश ऐकू येतं. म्हणून चिपचा रिव्हर्ब बांधताना तिला कायम ऐसपैस जागा ठेवायची, हे सूत्र पुढच्या प्रत्येक आकड्यात दिसेल.

ट्यूबनेच करायचं म्हटलं तर काय लागतं तेही पाहू. फेंडरच्या १९६० च्या दशकातल्या अँपमध्ये १२एटी७ चे दोन्ही अर्धे समांतर जोडून, लहान ट्रान्सफॉर्मरमधून, ८ ओहमची टँक चालवतात. परत आलेला आवाज उचलायला १२एएक्स७ चा एक अर्धा आणि मिसळल्यानंतरची घट भरून काढायला आणखी एक अर्धा. म्हणजे दोन ट्यूब, एक ट्रान्सफॉर्मर, आणि हीटरला आणखी ६०० मिलिअँपिअर. तुमच्या चॅम्पच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरवर आणि चेसिसवर एवढा भार टाकणं खरोखरच बरं नाही. जागा नाही म्हणून आयसी वापरावी लागते आहे असं मनाला लावून घेऊ नका. या अँपसाठी तोच शहाणपणाचा पर्याय आहे.

आता कामाला लागू. पहिला प्रश्न सप्लायचा, कारण बहुतेकांचं काम इथेच बिघडतं. आयसीला दोन्ही बाजूंचे १२ व्होल्ट लागतात. ते हीटरच्या ६.३ व्होल्टमधून काढायचा मोह होतो. व्होल्टेज डबलर लावला की सोळाएक व्होल्ट मिळतात, हे गणित बरोबर आहे. अडचण पुढे आहे. हमिंग कमी व्हावी म्हणून हीटरच्या वाइंडिंगचा मध्यबिंदू अर्थ केलेला असतो, कधी सेंटर टॅपने, कधी १०० ओहमच्या दोन रेझिस्टरांनी. डबलरला मात्र वाइंडिंगचं एक टोक अर्थ हवं असतं. दोन्ही एकत्र आले की सेंटर टॅप असलेल्या अँपमध्ये अर्धं वाइंडिंग सरळ शॉर्ट होतं, आणि रेझिस्टर असलेल्या अँपमध्ये समतोल जाऊन हमिंग वाढते.

मुख्य हाय टेन्शनमधून घ्यायचं म्हटलं, तर चॅम्पमध्ये तिथे ३४० व्होल्टच्या आसपास असतात. आपल्या सर्किटला पंधराएक मिलिअँपिअर लागतील. वरचे तीनशे व्होल्ट रेझिस्टरमध्ये जिरवायचे म्हणजे साडेचार वॉट नुसती उष्णता, तीही आधीच तापणाऱ्या चेसिसमध्ये. शिवाय अख्खा चॅम्प जेमतेम पन्नास मिलिअँपिअर ओढतो. त्यात पंधराची भर पडली की ६व्ही६ चं व्होल्टेज बसतं आणि ज्या आवाजावर तुमचा जीव आहे तोच बदलतो.

तेव्हा वेगळा छोटा ट्रान्सफॉर्मर घ्या. बारा-झिरो-बारा, ५०० मिलिअँपिअर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत कुठल्याही दुकानात हा मागितला तर दुकानदार मान वरही न करता काढून देतो. पुढे ब्रिज, दोन्ही बाजूंना १००० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचे कपॅसिटर, आणि ७८१२ व ७९१२ हे रेग्युलेटर. इथे एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. ७८१२ चे पाय समोरून डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट असे असतात. ७९१२ चे ग्राउंड, इनपुट, आउटपुट. दिसायला दोघे जुळे भाऊ, पण ७९१२ ची पत्र्याची पाठ आतून इनपुटला जोडलेली असते. ती चेसिसला टेकली की सप्लाय शॉर्ट. अभ्रकाचा तुकडा आणि प्लास्टिकचा वॉशर घाला, किंवा तिला मोकळीच उभी ठेवा; एवढ्या कमी करंटला हीटसिंकची गरज पडत नाही. ट्रान्सफॉर्मरचं प्रायमरी अँपच्या फ्यूज आणि स्विचच्या पुढे जोडा, म्हणजे दोन्ही एकदमच चालू-बंद होतील.

दुसरी निवड टँकची. टँकवर छापलेला सांकेतिक क्रमांक वाचता आला पाहिजे. फेंडरच्या ट्यूब अँपची नेहमीची टँक ४एबी३सी१बी. यातला पहिला ‘ए’ म्हणजे इनपुट कॉइल ८ ओहमची, आणि तिला नीट हलवायला २८ मिलिअँपिअर करंट लागतो. साध्या आयसीच्या आवाक्यातलं ते काम नाही. तुम्ही घ्या ४ईबी२सी१बी. ‘ई’ म्हणजे ६०० ओहम, आणि तिची भूक फक्त ३.१ मिलिअँपिअरची आहे. पुढचा ‘बी’ म्हणजे आउटपुट २२५० ओहम, ‘२’ म्हणजे घुमण्याची लांबी मध्यम. लहान खोलीत वाजवायच्या पाच वॉटच्या अँपला मध्यमच शोभते. लांब घुमणारी टँक घेतली तर स्वर एकमेकांवर चढतात. ‘सी’ अक्षराकडे मात्र खास लक्ष द्या. त्याचा अर्थ, इनपुटचं सॉकेट पत्र्यापासून विलग आहे आणि आउटपुटचं पत्र्याला जोडलेलं आहे. का महत्त्वाचं, ते लगेच येईल.

टँक हातात आली की मल्टिमीटर लावून बघा. इनपुट कॉइलचा डीसी रेझिस्टन्स ५८ ओहमच्या जवळ आणि आउटपुटचा २०० च्या जवळ दिसायला हवा. इनपुटला एक ओहमहूनही कमी दिसलं तर दुकानदाराने ८ ओहमची टँक दिली आहे. काहीच दिसलं नाही तर कॉइलची केसासारखी तार तुटली आहे. इनपुट सॉकेटची बाहेरची कडी आणि टँकचा पत्रा यांच्यात मीटर वाजता कामा नये.

कॉइलचे ६०० ओहम म्हणतात ते १ किलोहर्ट्झला. स्वर जितका उंच, तितका तिचा विरोध वाढतो. ५ किलोहर्ट्झला तो तीन हजारांच्या घरात जातो. ठरावीक व्होल्टेज दिलं तर उंच स्वरांना करंट कमी मिळून रिव्हर्ब बसक्या आवाजाचा होतो. उपाय असा की व्होल्टेजऐवजी करंट ठरवून द्यायचा. एनई५५३२ या आयसीचा एक अर्धा घ्या. सिग्नल त्याच्या प्लस इनपुटला. आउटपुटपासून टँकची कॉइल, कॉइलचं दुसरं टोक मायनस इनपुटला, आणि तिथून ३३० ओहमचा रेझिस्टर ग्राउंडला. आता प्लस इनपुटवर एक व्होल्ट आला की आयसी धडपडून ३३० ओहमवरही एक व्होल्ट आणते, म्हणजे कॉइलमधून ३ मिलिअँपिअर जाणारच, स्वर कुठलाही असो. कॉइलची दोन्ही टोकं ग्राउंडपासून मोकळी असली तरच हे साधतं. सॉकेट पत्र्याला जोडलेलं असेल तर ३३० ओहम शॉर्ट होतो आणि करंटवर आयसीचा ताबाच राहत नाही. ‘सी’ अक्षर त्यासाठी. कॉइलला समांतर ४.७ किलो-ओहमचा एक रेझिस्टर टाका, म्हणजे आयसी अगदी उंच स्वरांवर बिथरत नाही. एनई५५३२ चा दुसरा अर्धा रिकामा राहतो, त्याला अधांतरी सोडू नका. ५ नंबरचा पाय ग्राउंडला आणि ६, ७ एकमेकांना जोडा.

आता मुख्य मुद्दा, सिग्नल घ्यायचा कुठून आणि परत द्यायचा कुठे. त्याआधी अँपचा प्लग भिंतीतून काढा. अँप बंद केल्यावरही फिल्टर कपॅसिटरांमध्ये जीव घेण्याइतकं व्होल्टेज टिकून राहू शकतं. १० किलो-ओहम ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी प्रत्येक फिल्टर कपॅसिटरवर काही सेकंद धरा, मग मीटरने मोजा, आणि व्होल्टेज दहाच्या खाली आलेलं डोळ्यांनी दिसल्याशिवाय आत हात घालू नका. घाईच्या दिवशी हे काम हातात घेऊच नका.

चॅम्पमध्ये पहिल्या ट्रायोडच्या प्लेटवरून ०.०२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर निघतो आणि १ मेगओहमच्या व्हॉल्यूम पॉटच्या वरच्या टोकाला जातो. हा जोड तोडा आणि मध्ये २२० किलो-ओहमचा रेझिस्टर टाका. कपॅसिटरच्या बाजूने रिव्हर्बसाठी सिग्नल घ्या. परत आलेला आवाज ४७० किलो-ओहममधून पॉटच्या वरच्या टोकाला सोडा. झालं, कोरडं आणि ओलं त्या टोकावर भेटतात आणि व्हॉल्यूम दोघांनाही एकत्र कमी-जास्त करतो.

पॉटच्या मधल्या पायावरून सिग्नल घेतला तर काय बिघडतं, असं काही जण विचारतात. बिघडतं ते असं. पॉट मध्यावर असताना त्या पायाचा स्वतःचा विरोध अडीचशे किलो-ओहमपर्यंत जातो. परत येणारा ओला आवाज तिथे सहज उलटा शिरतो, पुन्हा स्प्रिंगवर जातो, आणि रिव्हर्ब वाढवला की अँप शिट्टी घालतो. कपॅसिटरच्या बाजूला मात्र ट्रायोडचा विरोध अडतीसेक किलो-ओहमच असतो, म्हणून उलट शिरणारा भाग विसाव्या हिश्श्यावर येतो. त्याने शिट्टी होत नाही.

या ठिकाणी सिग्नल मोठा असतो. गिटारचे १०० मिलिव्होल्ट पहिल्या ट्रायोडनंतर साडेपाच व्होल्ट होतात, आणि हंबकर जोरात छेडला तर पंचवीसच्याही पुढे जातात. आयसी दहाएक व्होल्टला थांबते. म्हणून आधी त्याला लहान करा: ४७० पिकोफॅरडचा कपॅसिटर, त्यापुढे १ मेगओहम, आणि तिथून १०० किलो-ओहम ग्राउंडला. मधल्या जोडावरून एनई५५३२ चा प्लस इनपुट. सिग्नल अकरावा भाग होतो, ट्यूबवर भार नगण्य पडतो. ४७० पिकोफॅरडमुळे ३०० हर्ट्झच्या खालचं स्प्रिंगपर्यंत पोचत नाही. फेंडरच्या आराखड्यातही याच कामासाठी ५०० पिकोफॅरड आणि १ मेगओहमची जोडी आहे. खर्जाचे स्वर स्प्रिंगवर गेले तर नुसता गदळ होतो. हा कपॅसिटर किमान ५०० व्होल्टचा घ्या, आणि आयसीच्या इनपुटपासून दोन्ही सप्लायकडे एकेक १एन४१४८ डायोड उलटा लावा. अँप चालू करताना प्लेटचं व्होल्टेज झपकन चढतं तेव्हा तो धक्का डायोड झेलतात.

टँकच्या दुसऱ्या टोकाला हाती येतात ते मोजके मिलिव्होल्ट. त्यांना हजारच्या आसपास पट मोठं करावं लागतं. टीएल०७२ चे दोन्ही अर्धे प्रत्येकी तीसेक पटीला ठेवा आणि मध्ये रिव्हर्बचा पॉट बसवा. दोन्ही टप्प्यांत डीसी पुढे जाऊ नये म्हणून कपॅसिटर हवेत, नाहीतर आयसीचा स्वतःचा बारीकसा ऑफसेटही हजारपट होऊन बसेल. शेवटी १ मायक्रोफॅरड, आणि मग तो ४७० किलो-ओहम.

याची किंमतही मोजावी लागते. मिसळण्याच्या या जोडावर कोरडा सिग्नल निम्म्याहून थोडा जास्त उरतो. पूर्वी व्हॉल्यूम जिथे ठेवून आवाज फाटायला लागायचा, तिथून बराच पुढे न्यावा लागेल. चॅम्पकडे जोर उरलेला असतो, त्यामुळे बहुतेकांना हे खटकत नाही. तुम्ही कायम व्हॉल्यूम पूर्ण उघडून वाजवत असाल तर ४७० च्या जागी १ मेगओहम टाका. कोरडा आवाज दोन तृतीयांशाच्या आसपास राहील आणि रिव्हर्बची कमाल थोडी उतरेल.

सर्किट झिरो पीसीबीवर बांधा, आयसी सॉकेटमध्येच बसवा आणि प्रत्येक आयसीच्या सप्लायच्या पायांना चिकटून ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावा. आयसी न घालता आधी ८ नंबरच्या पायावर अधिक १२ आणि ४ वर उणे १२ मोजा. मग फक्त टीएल०७२ घाला, अँप चालू करून टँकवर बोटाने हलकी टिचकी मारा. स्पीकरमधून गडगडाट ऐकू आला की परतीची वाट ठीक आहे. त्यानंतरच एनई५५३२. असं पायरीपायरीने गेलं की बिघाड कुठे आहे ते शोधत बसावं लागत नाही.

राहिली हमिंग. टँकची आउटपुट कॉइल चुंबकीय लहरी ओढून घेण्यात पटाईत असते, आणि तिच्यापुढे हजारपटीचा अँप्लिफायर आहे. टँक कॅबिनेटच्या तळाशी, उघडी बाजू खाली, आणि आउटपुटचं टोक पॉवर ट्रान्सफॉर्मरपासून जितकं लांब नेता येईल तितकं न्या. स्क्रू मारण्याआधी अँप चालू ठेवून, कॅबिनेटच्या तळाशी हात पोचेल तिथेच, टँक सावकाश फिरवा. एका कोनात हमिंग एकदम खाली बसते. तिथेच पेन्सिलने खूण करा. टँक हलवल्यावर कमी-जास्त होणारी जाड ५० हर्ट्झची हमिंग चुंबकीय आहे. टँक कशीही फिरवली तरी न बदलणारी, जराशी चरचरीत १०० हर्ट्झची असेल तर सप्लायच्या फिल्टरिंगमध्ये किंवा ग्राउंडच्या तारेत बघा. नव्या सर्किटचं ग्राउंड पहिल्या ट्रायोडच्या ग्राउंडलाच, एकाच तारेने जोडायचं. स्प्रिंग टँकचे चारही कोपरे रबरी ग्रोमेटवर ठेवले की स्पीकरची थरथर तिच्यापर्यंत पोचत नाही.

प्रश्न : स्प्रिंगची टँक मिळवायची दगदग टाळून बेल्टनची ‘ब्रिक’ लावली तर? माझ्या मित्राने पेडलमध्ये वापरली आहे.
— एक वाचक, पुणे

उत्तर : लावता येते. त्या काळ्या ठोकळ्याच्या आत पीटी२३९९ या डिजिटल डिले आयसी आहेत, आणि स्प्रिंगच्या धर्तीवर घुमणं त्या चांगलं उभं करतात. हमिंग पकडत नाही, अँप उचलताना खणखणत नाही, जागा काडेपेटीएवढी. वर सांगितलेली सिग्नल घेण्याची आणि परत देण्याची जागा तीच राहील, फक्त ड्राइव्हचा भाग आणि हजारपटीचं वाढवणं गळेल.

दोन गोष्टी सांभाळा. तिला ५ व्होल्टचा सप्लाय लागतो आणि ती १०० मिलिअँपिअरपर्यंत करंट ओढू शकते. बारा-झिरो-बारामधून ७८०५ लावून तो आरामात मिळतो, पण तिथे हीटसिंक घाला, कारण दहा-अकरा व्होल्ट त्या रेग्युलेटरमध्ये जिरतात. आणि ५ व्होल्टवर चालणाऱ्या वस्तूला मोठा सिग्नल झेपत नाही. अकराव्या भागावर आणलेला सिग्नलही जोरात छेडल्यावर तिला जास्त होईल, तेव्हा १०० किलो-ओहमच्या जागी ३३ टाका.

तरीही जागा आणि सवड असेल तर मी स्प्रिंगच सुचवेन. बोटाचा जोर वाढला की स्प्रिंग वेगळं बोलते. हळू छेडलं तर नुसती ओल, जोरात छेडलं तर तो ट्विंग. ब्रिक दोन्ही वेळा जवळपास सारखंच घुमते. वाजवणाऱ्याला हा फरक पहिल्या पाच मिनिटांत जाणवतो.

प्रश्न : जुन्या अँपमधली ८ ओहमची टँक माझ्याकडे पडून आहे. ती स्पीकरच्या आउटपुटवरूनच चालवली तर चालेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : टँक हलेल, आणि छान हलेल. पाच वॉटला ८ ओहमच्या स्पीकरवर सव्वासहा व्होल्टच्या आसपास असतात. मध्ये २२० ओहम १ वॉटचा रेझिस्टर घातला की बरोबर २८ मिलिअँपिअर मिळतात. रेझिस्टर कॉइलच्या मानाने मोठा असल्यामुळे करंटही सगळ्या स्वरांना जवळपास सारखा राहतो. शिवाय पॉवर ट्यूबचा रंगही रिव्हर्बमध्ये उतरतो.

पण हा आवाज त्याच अँपच्या आधीच्या टप्प्यात परत देऊ नका. तो पुन्हा स्पीकरवर येईल, तिथून पुन्हा टँकमध्ये, आणि अँप किंचाळत सुटेल. परतीचा आवाज दुसऱ्या छोट्या अँपला आणि वेगळ्या स्पीकरला द्या. कोरडा एका बाजूने आणि ओला दुसऱ्या बाजूने, ऐकायला ते फारच सुरेख लागतं. सगळं एकाच पेटीत हवं असेल तर पहिल्या उत्तरातलंच सर्किट बांधा, फक्त ड्राइव्हला एनई५५३२ च्या जागी एलएम३८६ घ्या. तिला ९ व्होल्टचा वेगळा रेग्युलेटर द्या. ती मुळातच ८ ओहमचा छोटा स्पीकर चालवण्यासाठी बनवलेली आहे, त्यामुळे २८ मिलिअँपिअर तिला जड नाहीत. तिच्या आउटपुटला २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि त्यापुढे कॉइलसोबत सिरीजमध्ये ४७ ओहम टाका. तिची स्वतःची वाढ वीस पट असते, म्हणून इनपुटचा सिग्नल आणखी लहान करावा लागेल. १०० किलो-ओहमच्या जागी १० पासून सुरुवात करा आणि कान सांगेल तसं वर जा.